सेक्स पिस्टल्सचा अल्बम ‘न वाजवता’ झालेला नाही

सेक्स पिस्टल्स या ब्रिटिश पंक (म्हणजे खरखरीत, बंडखोर रॉक) बँडच्या ‘नेव्हर माइंड द बॉलक्स’ या १९७७ मधील एकमेव स्टुडिओ अल्बमविषयी एक लांबलचक संदेश सध्या पुन्हा फिरतो आहे. त्याचा आशय असा: या मुलांना वाद्ये वाजवता येत नव्हती, खरे वादन भाडोत्री वादकांनी केले, बँडमधल्या सिड व्हिशसने एक दिवसही सराव न करता बास (खालच्या स्वरांची गिटार) वाजवून इतिहास घडवला, ब्रिटिश सरकारने अल्बमवर बंदी घातली आणि हा सारा खेळ व्यवस्थापक माल्कम मॅक्लॅरेनने रचलेला होता. असे संदेश मी एरवी न वाचताच पुसून टाकते. पण बास गिटार शिकणाऱ्या माझ्या भाच्याने तो मला पाठवला आणि खाली लिहिले, “मावशी, मग एवढा रियाज कशाला?” त्यामुळे उत्तर देणे भाग आहे, आणि सर्वांत घातक विधान सिडविषयीचे असल्याने सुरुवात तेथूनच करते.

सिड बँडमध्ये आला तो फेब्रुवारी १९७७ मध्ये, आधीचा बासवादक ग्लेन मॅटलॉकच्या जागी. त्यानंतर उत्तर लंडनमधील वेसेक्स स्टुडिओत ध्वनिमुद्रण चालू असताना तो बराच काळ यकृताच्या संसर्गामुळे रुग्णालयात होता. अल्बममधील जवळजवळ सर्व बास स्टीव्ह जोन्स या बँडच्या गिटारवादकाने वाजवला आहे. ‘अनार्की इन द यूके’ हे गाणे त्याआधी, १९७६ मध्ये मुद्रित झाले असल्याने त्यात मॅटलॉक आहे. ‘बॉडीज’मध्ये सिडचे वादन असल्याचे सांगितले जाते, पण ते ध्वनिमिश्रणात (सर्व वाद्यांचे आवाज एकत्र करताना) इतके खाली दाबलेले आहे की कानाला सापडत नाही. या अल्बमच्या घडणीवर ‘क्लासिक अल्बम्स’ मालिकेत २००२ साली माहितीपट निघाला. त्यात बँडमधील माणसे आणि ध्वनिमुद्रण करणारी मंडळी स्वतः बोलतात. संदेश पुढे ढकलणाऱ्यांनी निदान तो पाहायला हवा होता. तोही नको असेल, तर ‘अनार्की’चा बास आणि याच अल्बममधील ‘गॉड सेव्ह द क्वीन’चा बास एकामागोमाग ऐकावा. पहिल्यात बास स्वतःची वाट काढत फिरतो, तर दुसऱ्यात तो गिटारच्या मूळ स्वरांना चिकटून चालतो, कारण तो वाजवणारा मुळात गिटारवादक आहे. म्हणजे सरावाशिवाय वाजवलेल्या थोर बासचा जो पुरावा म्हणून हा अल्बम दाखवला जातो, त्यात तो बास मुळी नाहीच.

याहून चीड येते ती सिडच्या छायाचित्राखाली लिहिलेल्या ‘नियम न मानणारा खरा कलावंत’ या ओळीची. हा मुलगा २ फेब्रुवारी १९७९ रोजी न्यूयॉर्कमध्ये हेरॉइनच्या अतिसेवनाने मेला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. त्याच्या मैत्रिणीच्या, नॅन्सी स्पंजनच्या, खुनाचा आरोप त्याच्यावर होता आणि तो जामिनावर सुटलेला होता. त्याच्या व्यसनाला आणि मरणाला बंडखोरीचा मुलामा देऊन ते सोळा-सतरा वर्षांच्या मुलांपुढे आदर्श म्हणून ठेवणे हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे.

‘वाजवता येत नव्हते’ या विधानात अर्धे सत्य आहे, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. नोव्हेंबर १९७५ मध्ये लंडनच्या सेंट मार्टिन्स कला महाविद्यालयात बँडचा पहिला कार्यक्रम झाला, तेव्हा जोन्सच्या हातात गिटार येऊन काही महिनेच झाले होते. मात्र तो कार्यक्रम आणि हा अल्बम यांच्यामध्ये जवळपास दोन वर्षे आहेत, आणि त्या काळात हा बँड छोट्या-मोठ्या मंचांवर सतत वाजवत होता. अल्बमचा निर्माता क्रिस थॉमस हा रॉक्सी म्युझिक या बँडबरोबर काम केलेला आणि पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बमच्या ध्वनिमिश्रणात सहभागी असलेला मुरब्बी माणूस होता. पॉल कुकच्या न डळमळणाऱ्या ड्रम्सवर त्याने जोन्सकडून गिटारचे थरावर थर चढवून घेतले. हा अल्बम आजही भिंतीसारखा अंगावर येतो तो त्यामुळे. एकच भाग पुन्हा पुन्हा तंतोतंत वाजवल्याखेरीज असे थर बसतच नाहीत, आणि त्यालाच सराव म्हणतात. भाडोत्री वादक म्हणून ज्या क्रिस स्पेडिंगचे नाव घेतले जाते, त्याने मे १९७६ मध्ये बँडची तीन गाणी नमुन्यादाखल मुद्रित करून दिली होती, एवढाच त्याचा संबंध. अल्बमवर आपण वाजवलेले नाही, हे त्याने स्वतः सांगितले आहे.

सरकारी बंदीची गोष्ट तर फार वेळ देण्याच्या योग्यतेचीही नाही. बीबीसीने ‘गॉड सेव्ह द क्वीन’ वाजवण्यास नकार दिला आणि काही मोठ्या दुकानांनी माल ठेवला नाही, इतके खरे. अल्बमचे शीर्षक (‘बॉलक्स’ हा इंग्रजीत असभ्य शब्द आहे) खिडकीत झळकवल्याबद्दल नॉटिंगहॅममधील एका दुकानाच्या व्यवस्थापकावर १८८९ च्या अश्लील जाहिरातविरोधी कायद्याखाली खटला झाला, आणि नोव्हेंबर १९७७ मध्ये तो निर्दोष सुटला. अल्बम ब्रिटनच्या विक्रीयादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला होता. बंदी असलेली वस्तू अशी उघड विकली जात नाही.

राहिला मॅक्लॅरेन. किंग्ज रोडवरचे कपड्यांचे दुकान त्याचे, तेथेच गायक जॉनी रॉटन म्हणजे जॉन लायडन बँडला सापडला, आणि गाजावाजा कसा करावा हे त्या माणसाला उत्तम कळत होते, हे कोणीच नाकारत नाही. परंतु सर्व काही आपणच घडवले ही कथा मुख्यतः त्याच्याच तोंडची आहे आणि १९८० च्या ‘द ग्रेट रॉक ॲन रोल स्विंडल’ या चित्रपटातून ती जगभर पोहोचली. जोन्स आणि कुक त्याआधीपासूनच एकत्र बँड जमवत होते. बारापैकी दहा गाण्यांच्या श्रेयात ज्या मॅटलॉकचे नाव आहे, त्याचा संदेशात उल्लेखही नाही. ‘प्रिटी व्हेकंट’ची सुरुवातीची धून आपल्याला आबा या स्वीडिश बँडच्या ‘एसओएस’वरून सुचली, हे त्याने मोकळेपणाने सांगितले आहे. लायडनने मॅक्लॅरेनला न्यायालयात खेचले आणि १९८६ मध्ये बँडचे हक्क व उत्पन्न लायडन, जोन्स, कुक आणि सिडच्या वारसांच्या हाती आले.