संपादकाची पेन्सिल

‘सत्यकथा’ या साहित्यिक मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनावरचा एक लेख एका बैठकीत वाचला. एकही वाक्य फुगवलेलं नाही, विषयाला शोभेल असंच लिहिलंय. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद झालं, तरी त्यांच्या संपादनातल्या शिस्तीची आठवण अजून निघते!

त्या लेखात थोडी भर घालतो. संपादन म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ तपासणं, असा आपल्याकडे समज आहे. ते मुद्रितशोधन (तेही हल्ली कोण धड करतं म्हणा). माझी एक कथा एका दिवाळी अंकाकडून परत आली होती. शेवट असा : ‘ती दाराशी थांबली. तिला फार एकटं वाटलं.’ दुसरं वाक्य पेन्सिलीनं खोडून समासात लिहिलेलं, ‘थांबली ना? मग पुरे.’ शिवाय पहिली दोन पानं काढा, कथा तिसऱ्या पानावर सुरू होते, असंही. आठवडाभर धुसफुसलो. मग काढली. कथा छापून आल्यावर ओळखीच्यांनी नेमकं त्या शेवटाचंच कौतुक केलं. मी आपला गप्प.

स्वखर्चानं पुस्तक काढणारे मुखपृष्ठाला पैसे मोजतात, संपादकाचं मानधन म्हटलं की मात्र हात आखडतो.