निसर्गाने जागा दाखवली, वाटणी माणसांनी केली

पाऊस लागला की दरवर्षी एक पोस्ट फिरते. आपले पूर्वज किती शहाणे, निसर्ग ओळखून गावं वसवली, आपणच करंटे. गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणून तर खपते.

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पसरणीचा घाट उतरून वाईत आलं की हजाराच्याही आत. एवढ्यात गावाची ठेवणच बदलते. कोकणात सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, पाणी ठरत नाही, दगडातून झिरपून खाली पायथ्याशी झऱ्याने बाहेर येतं. तिथे वाडी होते. सपाटीचा तुकडा भाताला ठेवायचा आणि घर उतारावर बांधायचं, हाकेच्या अंतरावर दुसरं. देशावर पाणी मोजक्या ठिकाणी, म्हणून सगळं गाव भिंतीला भिंत लावून बसलेलं. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर घर टिकत नाही. म्हणून वस्ती पांढरीत, म्हणजे पांढऱ्या मातीच्या जागेवर, आणि शेत काळीत. मराठवाड्यातलं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, चिपळुणात बांधून बघा, आषाढ संपायच्या आत खाली येईल!

हे फार जुनं आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केलं. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती. आधी ऐसपैस चौकोनी घरं, पुराचं पाणी वळवायला पाट, आणि शेवटच्या काळात लहानलहान गोल झोपड्या. पाऊस कमी होत गेला, शेती सुटत गेली, असं पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी मांडलं. इसवी सनापूर्वी ७००च्या सुमाराला ती वस्ती उठलीच.

आता उरलेली अर्धी. पूर्वजांनी जागा निवडली ती पोटासाठी, सुरक्षितता त्यानंतर. महाड आणि चिपळूण खाडीच्या टोकाला वसली, कारण गलबतातला माल तिथे उतरून बैलांवर घाट चढायचा. व्यापाराला याहून चांगली जागा नाही आणि पुराला याहून सोयीची नाही. २२ जुलै २०२१ला दोन्ही गावं पाण्यात होती. ती काही नव्या बिल्डरांनी वसवलेली नव्हेत. (नदीपात्रात भराव टाकणाऱ्यांना यातून सूट मिळते असं मात्र कुणी समजू नये.)

आणि ‘पूर्वजांनी गाव वसवलं’ म्हणताना नेमक्या कुणाच्या पूर्वजांनी? उंचवट्यावर पाटलाची गढी, पाणवठा जवळ. गावकुसाबाहेर महारवाडा, मांगवाडा, पाणवठाही वेगळा. बऱ्याच गावांत ही वस्ती ओढ्याकडच्या सखल अंगाला. ओढा चढला की पाणी आधी कुणाच्या चुलीत शिरायचं, ते निसर्गाने ठरवलेलं नव्हतं. त्या पोस्टीत हे कधीच नसतं. मला तिचा राग येतो तो याचसाठी.

१९ जुलै २०२३च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकर आदिवासींची वाडी दरडीखाली गेली. त्यानंतर ‘डोंगराखाली राहायचंच कशाला’ असं विचारणारे फेसबुकवर पुष्कळ भेटले. असल्या वाड्यांच्या खालची सपाट, भाताची जमीन कुणाच्या नावावर आहे, ते एकदा सातबारा काढून बघा.