“आधी फक्त कॉमेडी करायची ना?”

रविवारी मावसभावाकडे जेवताना ब्रिटनच्या राणी एलिझाबेथवरच्या ‘द क्राउन’ या मालिकेचा आणि त्यात राणी झालेल्या ब्रिटिश अभिनेत्रीचा विषय निघाला. तो म्हणाला, “ऑलिव्हिया कोलमन ना? ती आधी फक्त कॉमेडी करायची, मग सिरीयस रोल मिळाले आणि थेट ऑस्कर!” त्या ‘फक्त’वरून मी ताटावरच भांडले. भांडण अर्धवट राहिलं (मटण गार होत होतं), म्हणून उरलेलं इथे.

‘पीप शो’ ज्यांनी पाहिलाय त्यांना पटेल. ब्रिटनच्या चॅनेल फोरवर २००३ मध्ये सुरू झालेली विनोदी मालिका. त्यात कॅमेरा म्हणजे पात्रांचे डोळे, त्यामुळे नटाला समोरच्या माणसाशी न बोलता थेट लेन्सशी बोलावं लागतं. तिथे जरा जास्त केलं की लगेच खोटं दिसतं. कोलमनची सोफी ही मालिकेचा नायक मार्क याच्या ऑफिसातली मुलगी, त्याने मनातल्या मनात देव्हाऱ्यात बसवलेली. लग्नाच्या दिवशी हा नवरदेव चर्चच्या माळ्यावर लपून बसतो. मी तो भाग पोट धरून हसत पाहिला होता. पुन्हा पाहिला तेव्हा फक्त सोफीचा चेहरा पाहिला आणि हसूच येईना. तिने ती बाई विनोदासाठी रंगवलेलीच नाही. तिच्यापुरतं ते लग्न खरं होतं.

२००७ च्या ‘हॉट फझ’ या धमाल सिनेमात ती एक चावट पोलीस होती. त्यातच नट म्हणून असलेल्या पॅडी कॉन्सिडाइनने पुढे स्वतःच्या ‘टिरॅनोसॉर’मध्ये (२०११) तिला घेतलं. त्यातली हॅना नवऱ्याचा मार खाणारी, चॅरिटीच्या दुकानात काम करणारी, श्रद्धाळू बाई. सुरुवातीलाच एक प्रसंग आहे, तो लिहून सांगवत नाही. नवरा तिचा किळसवाणा अपमान करतो आणि ती झोपेचं सोंग घेऊन पडून राहते. संवाद नाही, डोळे मिटलेले. तरी तिला सगळं कळतंय हे आपल्याला कळतं. हे ती नंतर कुठे शिकली नाही. सोफीकडेही हेच होतं.

२०१३ साली बाफ्टाच्या (ब्रिटनचे टीव्ही पुरस्कार) एकाच रात्री तिला दोन पुरस्कार मिळाले, एक नाट्यमय भूमिकेसाठी आणि एक विनोदी. भावाला हे सांगितलं तर म्हणाला, “योगायोग.” असो.

‘द क्राउन’मध्ये ती मला थोडी अवघडलेली वाटली, हे मान्य करते. पण त्यातला अ‍ॅबरफॅनचा भाग बघा. १९६६ मध्ये वेल्समधल्या त्या खाणगावात कोळशाच्या कचऱ्याचा डोंगर घसरून ११६ मुलं आणि २८ मोठी माणसं गेली. राणी तिथे आठ दिवसांनी पोचली. मालिकेतली राणी रडू शकत नाही आणि कोलमन म्हणजे पटकन डोळे भरून येणारी बाई. मग उपाय काय, तर कानात छोटा इअरपीस आणि त्यात रेडिओवरचं जहाजांसाठीचं हवामानवृत्त! रडू दाबायला समुद्राचे वारे. हे वाचून मी मोठ्याने हसले होते.

आणि ‘द फेव्हरिट’. २०१९ चा ऑस्कर याच सिनेमाचा, आणि व्यासपीठावर जाऊन तिने आपण पूर्वी सफाईचं काम करायचो आणि ते आवडायचं हेही सांगून टाकलं. त्यातली तिची अठराव्या शतकातली ब्रिटनची राणी अ‍ॅन आधी एका पोरसवदा नोकरावर ‘माझ्याकडे बघितलंस का?’ म्हणून खेकसते, मग ‘बघ माझ्याकडे!’ म्हणून ओरडते, आणि त्याने बघितलं की ‘हिंमत कशी झाली?’ इथे थिएटर हसतं. त्याच राणीच्या खोलीत १७ ससे आहेत, गमावलेल्या प्रत्येक बाळासाठी एक. नाचाच्या प्रसंगात ती चाकाच्या खुर्चीत बसून जिवलग मैत्रिणीला नाचताना बघते. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हलत नाही. आधी कौतुक, मग काहीतरी बिनसतं, मग मत्सर, मग डोळ्यांत पाणी, आणि मग ती ओरडून नाच थांबवते.

भावाला हा प्रसंग पाठवलाय. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.