आधी आवृत्ती बघा
प्रोग्रामिंग करताना अडलं की पहिल्यांदा अधिकृत डॉक्युमेंटेशन (त्या भाषेची किंवा सॉफ्टवेअरची माहितीची पानं) उघडा, हा लेखातला सल्ला शंभर टक्के मान्य. फक्त आवृत्तीचा, म्हणजे व्हर्जनचा, मुद्दा राहून गेलाय. सर्चमधून हाती लागलेलं पान बऱ्याचदा जुन्या आवृत्तीचं असतं. पायथन या प्रोग्रामिंग भाषेचंच घ्या. डिस्टयुटिल्स (distutils) हे पॅकेजेस बनवायचं-बसवायचं मॉड्यूल ३.१२ आवृत्तीत काढून टाकलं, पण ३.८ च्या पानांवर ते अजून थाटात बसलंय. पानाच्या वरच्या बाजूला आवृत्तीचा आकडा दिसतो, आधी तो बघायचा. शिवाय फंक्शनच्या माहितीखाली ‘अमुक आवृत्तीपासून बदल’ अशी एक ओळ असते. ती न वाचता लोक तासन्‌तास डोकं फोडत बसतात.

लिनक्सवर तर नेटही लागत नाही, ‘मॅन’ (man) ही कमांड माहितीचं पान तिथेच दाखवते. पण नुसतं ‘मॅन प्रिंटएफ’ (man printf) दिलं की सहसा शेलमधल्या, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतल्या, प्रिंटएफ कमांडचं पान उघडतं. सी भाषेतलं त्याच नावाचं फंक्शन हवं तर मध्ये ३ घालायचा (man 3 printf), कारण या पानांचा तिसरा विभाग लायब्ररी फंक्शन्सचा. हे कोणी सांगत नाही, मग नवखी मुलं ‘यात काही सापडत नाही’ म्हणून मोकळी होतात. नावच आठवत नसेल तर ‘मॅन -के’ (man -k) आणि पुढे विषयाचा शब्द.

व्हिडिओ ट्युटोरियलचं कौतुक मात्र जरा जास्तच झालंय. त्यात कंट्रोल-एफ दाबून शब्द शोधता येत नाही हो!