सव्वातीनशे वर्षांच्या नागपूरला सव्वातीन लाख रोपं?

गोंड राजा बख्त बुलंद शाहनं १७०२ मध्ये नागपूर वसवलं असं मानतात. त्या हिशेबानं २०२७ मध्ये शहराला सव्वातीनशे वर्षं होतील. त्यानिमित्त एक मेसेज फिरतोय: 'लोकसहभागातून एकाच दिवशी सव्वातीन लाख झाडं लावू. लवकर वाढणारी कुठलीही चालतील. पावसाळ्यात लावली की पुढचं निसर्ग बघतो. रस्त्यांसाठी तोडलेली झाडंही भरून निघतील.' हेतू चांगला आहे, पण यातला एकही मुद्दा नागपूरच्या मातीत टिकत नाही.

'पुढचं निसर्ग बघतो' हे सगळ्यात घातक. आपल्याकडे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत पाऊस, मग जवळजवळ आठ महिने कोरडे. मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता. पहिल्या वर्षी रोपाची मुळं वरच्या फूट-दीड फुटातच असतात आणि उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात तेव्हा ती उघडी पडतात. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, ही रोपं निसर्गावर सोडणं म्हणजे ती मारणंच. किमान तीन उन्हाळे पाणी द्यावं लागतं.

'एकाच दिवशी' म्हटलं की घाई आली. अशा कार्यक्रमांनंतर रोपं उपटून बघा: कित्येकांची काळी प्लॅस्टिकची पिशवी तशीच असते. आत मुळं गोल गोल वळून एकमेकांत गुंतलेली, बाहेर पडायला वाटच नाही. वर पानं हिरवी दिसतात म्हणून दोन महिने कुणाला कळत नाही. खड्डा वीतभर, खाली मुरूम, आळं नाही, कुंपण नाही. हे मला फार लागतं, कारण लावणारे हात मनापासून आलेले असतात.

'कुठलंही झाड' म्हणजे बहुतेकदा गुलमोहर. तो मूळचा मादागास्करचा. भर उन्हाळ्याच्या तोंडावर त्याची पानं झडतात आणि वादळात फांद्या मोडतात. कडुनिंब मार्चमध्ये पानगळ उरकून मे महिन्यात दाट सावली देतो. करंज, वड, पिंपळही इथलेच.

भरपाईचं म्हणाल, तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर राज्याचा कायदाच तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावायला आणि ती सात वर्षं जगवायला सांगतो. सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या झाडाची सावली कंबरभर रोपं कशी देणार? त्यातच आजही बुंध्याला चिकटून सिमेंट ओतलं जातं. उभ्या झाडाभोवतीचं ते सिमेंट फोडून माती मोकळी करणं हाही वाढदिवसाचाच कार्यक्रम आहे.

मेसेज पुढे पाठवायचाच असेल, तर आकडा काढून टाका. त्या जागी गल्लीचं नाव, रोपाची जात आणि एप्रिल-मेमध्ये पाणी घालणाऱ्या दोन घरांची नावं लिहा. दहा रोपांना माणसं मिळाली, तर दहाच लावा. मोजणी २०३० च्या जूनमध्ये करू.