फ्रेरिया फक्त शिवनेरीवर? त्या फॉरवर्डबद्दल थोडं

पावसाळा आला की शिंदळ माकुडीचा, म्हणजे फ्रेरिया इंडिका या वनस्पतीचा, तोच फॉरवर्ड परत फिरायला लागतो: जगात फक्त शिवनेरीवर उरलीये, सात वर्षांतून एकदा फुलते, एक फांदी घरी लावा आणि वाचवा. प्रेमाने लिहिलंय हे कळतं, पण यातलं जवळपास सगळं चुकीचं आहे.

"फक्त शिवनेरीवर": नाही हो. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलने १८६५ मध्ये तिचं वर्णन केलं आणि मुंबईचे गव्हर्नर फ्रेअर यांचं नाव दिलं, ते जुन्नर भागातल्या झाडांवरून, म्हणून जुन्नरचं नाव चिकटलं असावं. पण पुरंदर, वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वर, रंधा धबधब्याचा परिसर अशा बऱ्याच ठिकाणी तिची नोंद आहे. तरी महाराष्ट्राबाहेर ती निसर्गात सापडत नाही, आणि असते तिथेही उभ्या कातळाच्या फटीत थोडीशीच, त्यामुळे दुर्मिळ आहे हे शंभर टक्के खरं. पण सगळं लक्ष एकाच गडावर गेलं तर बाकीच्या कड्यांवर वणवा लागला, गुरं चरली, दरड कोसळली तर कोण विचारणार?

"सात वर्षांतून एकदा": ही कारवीची गोष्ट इथे जोडलीये. फ्रेरिया दरवर्षी पावसाळ्यात आणि त्यानंतर फुलते, किरमिजी चांदणीसारखं फूल, त्यावर पिवळे ठिपके, आणि वास असा की माश्या येतात, परागीभवन त्याच करतात.

आता "फांदी घरी लावा", मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. फांदीपासून ती सहज जगते हे खरंच आहे, परदेशात सक्युलंट, म्हणजे मांसल खोडापानांची झाडं, जमवणाऱ्यांकडे कितीतरी वर्षं आहे, पण फांदीचं रोप म्हणजे मूळ झाडाचीच कॉपी, बियांतून येणारं वेगळेपण त्यात नसतं, आणि कुंडीतल्या झाडामुळे कड्यावरचं एकही झाड वाढत नाही, उलट तिथलं एक कमी होतं. उन्हाळ्यात तर पानं गळून नुसती मांसल खोडं उरतात, वाळक्या काटक्या समजून लोक ओढतात, गवत पेटवलं की तीही जळतात. गडावर दिसली तर फोटो काढा, नेमकी जागा पोस्ट करू नका, आणि फॉरवर्ड पुढे पाठवायचाच असेल तर निदान ती फांदीची ओळ काढून पाठवा.