प्रतिक्रियेला उत्तर: ट्रेलर किती दाखवतो, यापेक्षा कुठलं दाखवतो

नमस्कार. तुमच्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की रामायणाचा शेवट ठाऊक असूनही आपण ते पुन्हा पुन्हा बघतो, मग ट्रेलरने गोष्ट फोडली म्हणून एवढा त्रागा कशाला? आणि घरच्या चौघांच्या तिकिटांना हजार-दीड हजार मोजणाऱ्याला माल आधी पारखता यायला हवा.

शेवट कळल्याने रस आटतोच असं नाही, हे खरंच. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या प्रयोगात शेवट आधी सांगितलेल्या लघुकथा वाचकांना उलट जास्त आवडल्या होत्या. पण तिथे वाचकाच्या हाती मजकूर होता. ट्रेलर आपल्या हाती शॉट देतो, आणि फरक इथेच पडतो.

समजा, ट्रेलरमध्ये अर्धा सेकंद नायिका पुलावर उभी दिसते. पाऊस पडतोय, कपाळाला पट्टी आहे. चित्रपटात मध्यंतरानंतर तिची गाडी दरीत कोसळते. पुढची दहा मिनिटं आपला जीव टांगणीला लागावा म्हणूनच दिग्दर्शकाने रचलीत. पण पट्टीचा शॉट अजून आलेला नाही, हे आपल्याला आठवतं. म्हणजे ती वाचणार! कथानक कुणीच सांगितलेलं नाही, तरी ती दहा मिनिटं फुकट गेली.

असं वारंवार होतं ते ट्रेलरच्या घडणीमुळे. अडीच मिनिटांत आधी पात्रं आणि त्यांचं जग, मग पेच, आणि शेवटच्या तीस-चाळीस सेकंदांत चढत्या संगीतावर झपाझप शॉट. या शेवटच्या तुकड्याला सगळ्यात भव्य दृश्यं लागतात, आणि ती बहुतेकदा क्लायमॅक्सलाच असतात. शिवाय ट्रेलर कापणारा संकलक बरेचदा वेगळाच असतो. त्याचं लक्ष ठेक्यावर. ठेक्यात बसला की शेवटच्या रिळातला शॉटही उचलला जातो. २०१५ च्या ‘टर्मिनेटर जेनिसिस’च्या ट्रेलरने यंत्रांविरुद्ध माणसांचं नेतृत्व करणारा जॉन कॉनर स्वतःच यंत्र झाल्याचं उघड केलं, तेव्हा दिग्दर्शक अ‍ॅलन टेलर यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली होती. ते रहस्य त्यांनी प्रेक्षकांसाठी राखून ठेवलं होतं.

लांबी कमी करून हे सुटत नाही. अमेरिकेतल्या थिएटरमालकांच्या संघटनेने २०१४ मध्ये ट्रेलर दोन मिनिटांत बसवा असं सुचवलं, पण पट्टीच्या शॉटला अर्धा सेकंद पुरतो. उलट ‘सायको’चा १९६०चा ट्रेलर सहा मिनिटांहून मोठा आहे. त्यात दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक स्वतः मोटेल आणि घर फिरवून दाखवतात. चित्रपटातले प्रसंग जवळपास नाहीतच. शेवटी शॉवरमध्ये किंचाळणारी बाईसुद्धा चित्रपटात त्या प्रसंगात असलेली जॅनेट ली नाही, दुसरीच अभिनेत्री व्हेरा माइल्स आहे. तरी चित्रपटाची जात बरोबर कळते. तुम्ही म्हणता तो माल असा दाखवता येतो.

आणि कायद्याने ट्रेलर म्हणजे मालाची हमी नव्हे. ‘फॅन’च्या (२०१६) प्रोमोतलं गाणं चित्रपटात नाही म्हणून औरंगाबादच्या एका शिक्षिकेने ग्राहक मंचात दाद मागितली. राज्य ग्राहक आयोगाने दिलेली भरपाई राष्ट्रीय ग्राहक आयोगातही कायम राहिली, पण एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. प्रोमो म्हणजे करार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. त्या शिक्षिकेची निराशा मला समजते. पण रहस्य जपण्यासाठी चित्रपटात नसलेला शॉट वापरायची मोकळीकही यातूनच मिळते.

माझा आग्रह एवढाच, की शॉट मध्यंतरापूर्वीचेच घ्यावेत. पुढचा एखादा टाळताच येत नसेल, तर त्यात जखम, बदललेले कपडे, नवी जागा आणि कोण कुणासोबत आहे हे चार तपासून मगच ठेवावा. आणि प्रेक्षक म्हणून तुम्हाला फक्त पारखायचंच असेल, तर पेच कळला की थांबा, साधारण पहिल्या मिनिटाला. तोवर भाषा, अभिनय, छायाचित्रण, संगीत सगळ्याचा अंदाज आलेला असतो.